‘गिफ्ट’ या एका शब्दाआड : त्रिरश्मी लेण्यांतील दानवाचक शब्द

‘गिफ्ट’ हा इंग्रजी शब्द आज आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, वाढदिवसाच्या भेटवस्तूपासून विहारास दिलेल्या जमिनीपर्यंत सर्वांना तो सारखाच लावला जातो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील प्राकृत शिलालेख इंग्रजी भाषांतरातून वाचणाऱ्यासही हाच अनुभव येतो. मुळात जेथे तीन-चार निरनिराळे शब्द आहेत, तेथे भाषांतरात बहुधा एकच ‘गिफ्ट’ उरतो. हे शब्द केवळ पर्याय म्हणून वापरलेले नाहीत. देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू यांचे नाते प्रत्येक शब्द वेगळेपणाने सांगतो, म्हणून त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

इंग्रजीतही या शब्दांच्या छटा भिन्न आहेत. ‘गिफ्ट’ ही सामान्य भेट होय, तर ‘डोनेशन’ म्हणजे एखाद्या संस्थेस किंवा कार्यास दिलेली देणगी. ‘चॅरिटी’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील प्रेमवाचक शब्द आहे. पुढे तो गरिबांस केलेल्या मदतीचा वाचक झाला. ‘आम्झ’ म्हणजे भिक्षा. याचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘दया’ असा आहे. ‘एंडाउमेंट’ म्हणजे ज्याचे उत्पन्न तेवढे खर्चावयाचे, असा कायम निधी.

आता लेण्यांकडे वळू. सर्वांत साधा शब्द ‘दान’ हा होय. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील एका छोट्या लेखात ते काम नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान असल्याचे नोंदविले आहे. येथे दाता कोणी राजा अथवा श्रेष्ठी नसून एक संपूर्ण गाव आहे. आजच्या भाषेत याला आपण ‘वर्गणी’ म्हणू. पण वर्गणी गोळा होते आणि दान अर्पण होते, हा भेद त्या गावाने जाणला होता.

दुसरा शब्द ‘देयधम’, पालीतील ‘देय्यधम्म’. ‘देय्य’ हे ‘दा’ धातूचे विध्यर्थी रूप असून त्याचा अर्थ ‘देण्यास योग्य, द्यावयाचे’ असा होतो. येथील ‘धम्म’ शब्दाचा अर्थ शिकवण नसून वस्तू असा आहे. इंग्रजी भाषांतरकार ‘पुण्यप्रद’ या अर्थाचे विशेषण जोडतात. परंतु मूळ शब्दात पुण्याचा उल्लेख नाही, योग्यतेचा आहे. हा शब्द वापरणाऱ्यांत नहपान राजाची कन्या दखमित्रा आहे; तिने एक ओवरक, म्हणजे खोली, दिली. तसाच सपरिवार लेणे देणारा मुगुदासही आहे. त्याला लेखात ‘दासक’ म्हटले असून त्याचा अर्थ मासेमारी करणारा असा लावला गेला आहे. राजकन्या आणि मासेमार यांच्या देण्याला शिलालेखांची भाषा एकच शब्द वापरते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

तिसरा शब्द ‘नियातित’. पालीत ‘निय्यातेति’ म्हणजे हवाली करणे, स्वाधीन करणे. १७ क्रमांकाचे लेणे दत्तामित्री येथील इंद्राग्निदत्त या यवनाने कोरविले व ते चातुर्दिश भिक्षुसंघाच्या स्वाधीन केले. चातुर्दिश म्हणजे चारही दिशांचा, आलेला आणि यावयाचा असा सर्व संघ. लेणे एका व्यक्तीच्या किंवा एका गटाच्या मालकीचे राहू नये, हा हेतू या शब्दांत स्पष्ट आहे.

चौथा शब्द ‘अक्षयनीवी’, म्हणजेच न संपणारे मुद्दल. १० क्रमांकाच्या लेण्यातील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण दिले. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे. २००० कार्षापणांचे वार्षिक व्याज २४० होते. लेखात २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण नेमून दिले आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. शिवाय हे सर्व निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविल्याचेही लेख सांगतो. याच लेण्याच्या आवारातील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या लेखात विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी असाच निधी श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे.

केवळ ‘दिले’ म्हटल्याने दान पूर्ण होत नाही, हेही येथेच दिसते. ३ क्रमांकाच्या लेण्यातील लेखांनुसार गौतमीपुत्र सातकर्णीने १८ व्या वर्षी त्रिरश्मीच्या प्रव्रजितांना जमीन दिली. २४ व्या वर्षी मात्र कखडी येथील शेत कसले जात नाही व गाव वसत नाही, असे आढळून आल्यावर त्याऐवजी १०० निवर्तने दुसरी जमीन देण्यात आली.

या चारही शब्दांत दया कोठेही नाही. म्हणूनच भिक्षूला मिळणाऱ्या भोजनास ‘आम्झ’ म्हणणे अपुरे ठरते. उपासक भिक्षूवर दया करीत नाही. घेणारा ‘दक्खिणेय्य’, म्हणजे दानास पात्र, मानला जातो. उलट सिगालोवाद सुत्तात मालकाने कामकऱ्यास भोजन व वेतन द्यावे असे सांगताना ‘अनुप्पदान’ हा शब्द येतो. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजाने निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य व त्यातून चोरी वाढल्याचे सांगितले आहे. तेथेही ‘अनुप्पदान’ हेच कर्तव्य आहे. वेतन आणि हक्क यांना ‘चॅरिटी’ म्हणणे आपल्या समाजाने का नाकारले, याचा आधार पालीच्या शब्दसंपत्तीतही सापडतो.

आज विहारांच्या पावतीपुस्तकांत बहुधा ‘डोनेशन’ एवढेच छापलेले असते आणि त्यात सणाचे भोजन, इमारतीचा निधी व ग्रंथालयासाठीची कायम ठेव एकत्र होते. न्यासांच्या हिशेबात ‘कॉर्पस’ वेगळा दाखवावा लागतो. तीच आपली अक्षयनीवी. पावतीवर दान, देयधम्म आणि अक्षयनीवी असे तीन रकाने असावेत आणि दात्याने आपला हेतू स्वतः लिहावा. वार्षिक सभेत ते वाचून दाखवून फलकावर नोंदवावेत. मुद्दल कोणते आणि खर्चावयाचे कोणते, हे मग विश्वस्त बदलले तरी कोणास विचारावे लागणार नाही.