संगणकाची स्मृती : निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष वापर

जबलपूरजवळ नर्मदेवरील बर्गी धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. परंतु उजव्या कालव्यावरील स्लीमनाबाद बोगद्याचे काम दीर्घकाळ रेंगाळल्याने पुढील शेतांना पाण्याची प्रतीक्षा करावी लागली. निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष वापर यांतील ही तफावत नियोजनाच्या अभ्यासकांना परिचित आहे. संगणकाच्या स्मृतीबाबत, म्हणजे रॅमबाबत, तीच आढळते.

‘३६००’ असा वेग छापलेली डीडीआर-४ रॅम बसवली, तरी संगणक अनेकदा २१३३ या वेगानेच सुरू होतो. रॅमवरील एका छोट्या चिपमध्ये सर्वमान्य प्रमाणित वेग आणि उत्पादकाने तपासलेला अधिक वेग, अशा दोन्ही नोंदी असतात. सुरक्षिततेसाठी संगणक पहिली नोंद स्वीकारतो. दुसरीसाठी बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ हा पर्याय निवडावा लागतो.

मात्र प्रोसेसर व मदरबोर्ड यांची तेवढी क्षमता हवी. भिन्न वेगांच्या रॅम एकत्र बसवल्यास सर्वसाधारणपणे सर्वांत मंद रॅमचा वेग सर्वांना लागू होतो. वाढवलेल्या वेगावर संगणक अस्थिर झाल्यास तो कमी करणेच इष्ट.

३६०० वेगाला एका मार्गिकेतून सेकंदाला कमाल २८.८ अब्ज बाइट माहिती वाहते; २१३३ वेगाला सुमारे १७ अब्ज. म्हणजेच सुमारे दोनपंचमांश क्षमता पडून राहते. प्रत्येक कामाची गती तेवढी घटत नाही, हेही खरे. तथापि सार्वजनिक निधीतून खरेदी करताना वेष्टनावरील आकड्याऐवजी प्रत्यक्ष वेग तपासूनच देयक मंजूर करणे श्रेयस्कर ठरते.