मुलांची पहिली दुर्बीण

बंगालमधील जेसोर येथील सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र नावाचे एक कारकून होते. नाणी मोजणे व पारखणे हे त्यांचे दिवसाचे काम. मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नव्हती. परंतु लहानपणी शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या एका धड्याने विश्वाच्या विशालतेचे जे कुतूहल त्यांच्या मनात जागे केले, ते पुढे कधीही मावळले नाही. १९१२ साली त्यांनी इंग्लंडहून तीन इंच व्यासाच्या भिंगाची एक दुर्बीण मागविली. तिची किंमत १३ पौंड होती. अल्प वेतनाच्या नोकरास ही रक्कम थोडी नव्हती. त्या पैशाचे चीज कसे झाले, हे पुढील इतिहास सांगतो. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक तेजस्वी नवतारा प्रकट झाला, तेव्हा तो स्वतंत्रपणे हेरणाऱ्या निरीक्षकांत राधागोविंद हे एक होते. त्यानंतर रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे तेज कमीअधिक होत असते अशा ताऱ्यांच्या, निरीक्षकांच्या अमेरिकेतील संघटनेचे ते सभासद झाले. १९५४ सालापर्यंत त्यांनी त्या संघटनेकडे ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे पाठविली.

आज आपल्या मुलासाठी दुर्बीण घेऊ इच्छिणाऱ्या पालकाची स्थिती त्या कारकुनापेक्षा फारशी निराळी नसते. हाती पैसे मोजके असतात, आणि निवड एकदाच करावयाची असते. ती चुकली तर केवळ पैसे वाया जातात असे नाही. पहिल्याच रात्री मुलाला धूसर व थरथरणाऱ्या ठिपक्याखेरीज काही दिसले नाही, तर आकाशात पाहण्यासारखे काही नाही, अशी त्याची समजूत होते. दुर्बीण माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर ते कुतूहलही जाते. म्हणून दुर्बिणीत नेमके काय पारखून घ्यावे, हे आधी समजून घेणे इष्ट होय.

दुर्बिणीच्या आधी

राधागोविंदांनी दुर्बीण विकत घेतली, त्यापूर्वी कित्येक वर्षे ते नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहत आले होते. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यांनी तो एका लहान द्विनेत्री दुर्बिणीतून पाहिला. मोठी दुर्बीण त्यानंतर आली. मुलांसाठीही हाच क्रम योग्य ठरतो. ज्याला मृग नक्षत्र ओळखता येत नाही, त्याला मृगातील अभ्रिका दुर्बिणीत सापडणार नाही. कारण दुर्बिणीतून एका वेळी आकाशाचा अगदी लहानसा तुकडाच दिसत असतो.

यासाठी पहिला खर्च एखाद्या चांगल्या तारकापटाचा असावा. सप्तर्षींतील वसिष्ठाजवळची अरुंधती मुलाने नुसत्या डोळ्यांनी शोधून काढावी. वधूवरांना ती दाखविण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. पुढे लहानशा दुर्बिणीतून त्याच वसिष्ठाकडे पाहिले असता तो एक तारा नसून दोन ताऱ्यांची जोडी आहे, असे दिसून येते. ओळखीच्या ताऱ्याचे हे नवे रूप पाहून होणारा आनंद अनोळखी ताऱ्याच्या दर्शनाने होत नाही.

ज्यांची ऐपत फारच मर्यादित आहे, त्यांनी द्विनेत्री दुर्बिणीवर समाधान मानण्यास काहीच हरकत नाही. तिच्यावर ‘७ × ५०’ किंवा ‘१० × ५०’ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते हे सांगतो व दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. सात पटींची द्विनेत्री हातात धरली तरी फारशी हलत नाही. दहा पटींची असल्यास कोपर भिंतीवर अथवा कठड्यावर टेकवावे. चंद्रावरील मोठी विवरे, कृत्तिकांतील डझनावारी तारे, पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ, देवयानी दीर्घिकेचा अंधुक पट्टा आणि द्विनेत्री स्थिर टेकविल्यास गुरूचे उपग्रहसुद्धा तिच्यातून दिसतात. शनीचे कडे मात्र तिच्यातून दिसत नाही. त्यासाठी खऱ्या दुर्बिणीची गरज लागते.

भिंगाचा व्यास

दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करणे हे होय. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंद होते. ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या दसपट रुंद असते. पण प्रकाश हा क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा होत असल्यामुळे असे भिंग डोळ्याच्या शंभरपट प्रकाश गोळा करते. पावसात घागर ठेवली तर तिच्यात किती पाणी साठेल हे तिच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते, तसाच हा प्रकार आहे. व्यास वाढला की बारीक तपशील वेगळे ओळखण्याची शक्तीही त्याच प्रमाणात वाढते.

दुर्बिणींचे मुख्य प्रकार दोन. ज्या दुर्बिणीत पुढच्या टोकाला भिंग असते ती वक्रीभवनी दुर्बीण. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार उपग्रह पाहिले ते अशा दुर्बिणीतून. जिच्यात नळीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा असतो ती परावर्तनी दुर्बीण. तिची पहिली प्रतिकृती न्यूटनने १६६८ साली तयार केली. भिंगाची दुर्बीण हाताळण्यास सोपी असून तिला देखभाल कमी लागते. आरशाच्या दुर्बिणीत तेवढ्याच पैशात अधिक व्यास मिळतो. मात्र तिचे आरसे अधूनमधून एका रेषेत जुळवून घ्यावे लागतात. हे काम मोठ्या माणसाला करता येत असेल तरच ती घ्यावी.

भिंगाची दुर्बीण घ्यावयाची असल्यास तिचे वस्तुभिंग दोन जातींच्या काचांचे, म्हणजे अवर्णक आहे ना, हे विचारून घ्यावे. एकेरी भिंगातून पाहिल्यास चंद्राच्या कडेला रंगांची झालर दिसते. व्यास ६० ते ७० मिलिमीटर असला तरी आरंभास पुरे होतो. आरशाच्या दुर्बिणीत ७६ मिलिमीटरपेक्षा ११४ मिलिमीटरचा आरसा सव्वादोनपट प्रकाश देतो. म्हणून थोडे थांबून व थोडे पैसे अधिक साठवून मोठा आरसा घेणे केव्हाही श्रेयस्कर.

खोक्यावरील आकडा

बाजारातील स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यांवर ‘५२५ पट’ अशा तऱ्हेचे मोठे आकडे छापलेले आढळतात. मुलाची आणि पालकाची दृष्टी प्रथम त्यांवरच जाते. हा आकडा येतो कोठून, हे पाहिल्यावर त्याचा मोह उरत नाही.

वस्तुभिंगापासून ज्या अंतरावर दूरच्या वस्तूची प्रतिमा उमटते, त्याला केंद्रांतर म्हणतात. वस्तुभिंगाच्या केंद्रांतराला नेत्रभिंगाच्या केंद्रांतराने भागले की विवर्धन मिळते. ७०० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचे नेत्रभिंग लावल्यास २८ पट, व १० मिलिमीटरचे लावल्यास ७० पट विवर्धन होते. तिलाच ४ मिलिमीटरचे नेत्रभिंग आणि तिप्पट करणारे एक जोडभिंग लावले की १७५ गुणिले ३, म्हणजे बरोबर ५२५ हा आकडा तयार होतो. गणित चुकलेले नसते. पण चित्र मात्र निरुपयोगी असते. गोळा झालेला तेवढाच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरल्यामुळे प्रतिमा अंधुक होते आणि नवा तपशील काहीच दिसत नाही. व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, हा व्यवहारातील नियम होय. या हिशेबाने ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पटींच्या पलीकडे नेण्यात अर्थ नाही. आपल्याकडील उष्ण व दमट हवा तारे लुकलुकविते तेव्हा तर त्याच्याही बरेच अलीकडे थांबावे लागते.

सुदैवाने मुलांना जे पाहावयाचे असते त्यासाठी इतके विवर्धन लागतच नाही. शनीचे कडे ३० पटींच्या आसपास स्पष्ट कळू लागते. गॅलिलिओने आपला शोध सुमारे २० पटींच्या दुर्बिणीने लावला. २००९ साली, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षानिमित्त, विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त दुर्बीण तयार करण्यात आली. तिचे भिंग ५० मिलिमीटरचे होते आणि विवर्धन २५ व ५० पट एवढेच ठेवलेले होते. खोक्यावरील मोठा आकडा हा चांगल्या दुर्बिणीची खूण नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

स्थिर बैठक

उत्तम भिंग डळमळत्या तिपाईवर ठेवले तर ते नसल्यासारखेच होते. ७० पट विवर्धन करणारी दुर्बीण स्वतःचा थरथराटही ७० पट मोठा करून दाखविते. खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करावी. दूरच्या एखाद्या वस्तूवर दुर्बीण रोखून नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर झाले तर बैठक चांगली. डोलतच राहिले तर ती दुर्बीण टाळावी.

शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. १०० पट विवर्धनात मध्यभागी आणलेला चंद्रावरील डाग सुमारे एका मिनिटात दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. म्हणून दुर्बीण हळूवारपणे वळविता आली पाहिजे. अनेक चक्रे व वजने असलेली गुंतागुंतीची स्वस्त बैठक मुलांना गोंधळात टाकते. वरखाली व आडवी फिरणारी साधी बैठक त्यांना लगेच साधते.

या साधेपणाचे श्रेय बरेचसे जॉन डॉब्सन यांना आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील वेदांत मठात ते १९४४ साली दाखल झाले होते. जवळ पैसा नसल्यामुळे जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि लाकडी फळ्यांच्या पेटीत त्या बसविल्या. मठ सोडल्यावर ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र व शनी दाखवीत. २०१४ साली त्यांचे निधन झाले. पण जमिनीवर अथवा टेबलावर ठेवावयाची ती लाकडी बैठक आज त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. मोजक्या पैशात अधिक व्यास व पुरेसे स्थैर्य ही दोन्ही तिच्यात साधतात.

सूर्याविषयी इशारा

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणार्धात डोळा कायमचा निकामी होऊ शकतो. काही दुर्बिणींबरोबर नेत्रभिंगावर बसविण्याची काळी काच मिळते. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकण्याचा संभव असल्याने ती मुलाच्या हाती न देता फेकून द्यावी. दिवसा दुर्बीण झाकलेली असावी आणि मोठ्यांच्या देखरेखीवाचून ती वापरू देऊ नये.

पहिली रात्र पौर्णिमेची निवडू नये. शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्रावरील विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि दृश्य सर्वांत उठावदार असते. मुलाला आधीच सांगून ठेवावे की, पुस्तकांतील रंगीत छायाचित्रे दीर्घकाळ प्रकाश साठवून काढलेली असतात. डोळ्याला अभ्रिका राखी रंगाच्या धुक्यासारखी दिसते. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, म्हणून ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवाव्यात.

ग्रंथालयातील दुर्बीण

ज्या घराला दुर्बीण परवडत नाही, त्या घरातील मुलाने काय करावे? अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथील हौशी खगोलनिरीक्षकांच्या मंडळाने २००८ साली सार्वजनिक ग्रंथालयांतून दुर्बिणी ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. वाचक पुस्तकाप्रमाणे दुर्बीण घरी नेतो व मुदतीत परत करतो. आपल्याकडील शाळा व वाचनालये यांनाही हे अशक्य नाही. पन्नास घरांनी पन्नास डळमळत्या दुर्बिणी घेण्याऐवजी एका शाळेने एक चांगली दुर्बीण घेतली, तर तिचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

राधागोविंद चंद्र यांचे काम पाहून अमेरिकेतील त्या संघटनेने त्यांना सहा इंची मोठी दुर्बीण वापरावयास दिली होती. त्यांचे निरीक्षणाचे काम थांबल्यावर तिच्यावर त्यांनी मालकी सांगितली नाही. ती वेणू बाप्पू यांच्याकडे नैनिताल येथील वेधशाळेत गेली आणि तेथून पुढे तमिळनाडूतील कावलूर येथे पोहोचली. दुर्बीण एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा तिच्याबरोबर पाहण्याची सवयही जात असते. परंतु या मोठ्या दुर्बिणीआधी १३ पौंडांची ती लहान दुर्बीण होती, आणि तिच्याही आधी जेसोरच्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखणारा एक मुलगा होता.