टक् झालं, पण आकडा उमटला का?

१९७२ च्या एचपी-३५ कॅल्क्युलेटरच्या कळांवरचे आकडे छापलेले नाहीत. दोन रंगांचं प्लास्टिक साच्यात ओतून घडवलेत, म्हणून वर्षानुवर्षं बोटं फिरली तरी पुसत नाहीत. काय सुंदर काम!

पण कळ नुसती दिसायला चांगली असून भागत नाही. चांगल्या कळेखाली अनेकदा धातूची घुमटाकार चकती असते. दाबली की ‘टक्’ करून दबते आणि त्याच क्षणी पडद्यावर आकडा उमटतो. हौशींसाठी थोडक्याच नगांत निघणाऱ्या कॅल्क्युलेटरची खरी परीक्षा इथेच. साचा महाग, नग मोजके. त्यामुळे तो पुन्हा दुरुस्त करणं परवडत नाही. कळेच्या मापात किंचित फरक पडला तरी टक् होतं, आकडा मात्र येत नाही. माझ्या एका यंत्रात ७ ची कळ कोपऱ्यात दाबली की हेच व्हायचं.

नवं यंत्र आलं की प्रत्येक कळ मधोमध आणि चारही कोपऱ्यांत दाबून बघा.