दुसऱ्याच्या पट्टीत पहिल्याचं वजन

चिखलीच्या बाजारात सोयाबीनचं माप चालू असताना एका शेतकऱ्याचे कट्टे दुसऱ्याच्या ढिगात जाऊ नयेत, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. नव्याने जावास्क्रिप्ट शिकणाऱ्याच्या कोडमध्ये मात्र नेमकं हेच होतं.

समजा, कट्ट्यांच्या वजनांची बेरीज करणारं फंक्शन लिहिलंय. पहिल्याचे तीन कट्टे: 62, 60 आणि 61 किलो. उत्तर 183, बरोबर. दुसऱ्याचे दोन: 58 आणि 60. हवेत 118, येतात 301. बेरजेची ओळ कितीही तपासा, तिच्यात चूक सापडणार नाही. ‘एकूण’ हे व्हेरिएबल फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या सुरुवातीला लिहिलंय, तिथे घोळ आहे. ते एकदाच शून्य होतं. दुसऱ्याची बेरीज पहिल्याच्या 183 वरच चढते. (व्हेरिएबलला असं देवनागरी नाव जावास्क्रिप्टमध्ये खुशाल चालतं, भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन लागतात.)

ती ओळ उचलून फंक्शनच्या आत आणा. आता दर वेळी नवं ‘एकूण’ शून्यापासून सुरू होईल. बाहेर लागणारा आकडा ‘रिटर्न’ने द्या.

मग व्हेरिएबल जाहीर करणाऱ्या ‘व्हार’ या शब्दाकडे वळा. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. तेव्हापासून ‘व्हार’ची हद्द अख्खं फंक्शन, आतल्या महिरपी कंसांना ते जुमानत नाही. 2015 मध्ये आलेले ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आपल्या कंसाबाहेर जात नाहीत.

फरक लूपमध्ये कळतो. पाच शेतकऱ्यांची पाच बटणं लूपने बनवली, क्रमांक 0 ते 4. मोजणारा ‘आय’ जर ‘व्हार’ने लिहिला असेल, तर पाचही बटणांना मिळून ‘आय’ एकच. लूप संपताना तो 5 झालेला असतो, म्हणून कोणतंही बटण दाबा, शेतकऱ्याच्या नावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ येतं. तिथे ‘लेट’ लिहिलं की प्रत्येक फेरीचा ‘आय’ वेगळा राहतो. एका शब्दाचा बदल, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

बाकी ठिकाणी आधी ‘कॉन्स्ट’च लिहा, किंमत खरोखर बदलत असेल तिथेच ‘लेट’. आपलं ‘एकूण’ बदलतं, म्हणून त्याला ‘लेट’. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘यूज स्ट्रिक्ट’ टाका, म्हणजे जाहीर न करता वापरलेलं नाव गुपचूप ग्लोबल होणार नाही, थेट एरर येईल.

सगळं एकदम बदलू नका. एक ओळ बदला, कोड चालवा, 183 आणि 118 येतात का बघा, मगच पुढच्या ओळीला हात लावा.