जाण्यापूर्वी दोन घरी

बदलीचा आदेश हाती पडला तेव्हा घरात पहिल्यांदा मुलीच्या शाळेचा विषय निघाला, मग सामानाच्या गाडीचा, मग नागपूरच्या उन्हाचा. आई या कशातच बोलली नाही. रात्री जेवताना तिने एवढेच विचारले, "मनमाडला कधी जायचं?"

आम्ही म्हणालो, "फोन करू. नंतर सवडीने येऊच की. आता समृद्धी महामार्ग आहे."

"सवड तुला असंल," आई म्हणाली. तिचे वय शहात्तर आहे.

नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि नागपूर जवळ आले असे जो तो म्हणू लागला. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना ते जवळ आलेही असेल. आमच्यासारख्या कारकुनाला गाव जवळ की लांब, हे एस.टी.चे वेळापत्रक ठरवते. म्हणून २०२५ च्या एप्रिलमधला शेवटचा शनिवार-रविवार आम्ही मुक्रर केला. मुलीची परीक्षा संपली होती, कार्यालयाला दोन्ही दिवस सुट्टी होती. शनिवारी मनमाडला मुक्काम, रविवारी येवला आणि रात्री परत नाशिक, असा बेत ठरला.

नाशिकहून मनमाडला रेल्वे असताना बस कशाला, असे वाचक विचारतील. रेल्वेने मनमाड गाठता येते, पण येवल्याहून नाशिकला परतायचे तर बसच सरळ पडते. शिवाय हिशेबाचाही भाग होता. आम्ही बी.कॉम. झालेला माणूस, हिशेब केल्याशिवाय पाऊल उचलत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.त प्रवास मोफत आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणजे आईचे शून्य, सहचारिणीचे अर्धे, मुलीचे अर्धे आणि आमचे पूर्ण. चार माणसे दोन तिकिटांच्या पैशांत! कंडक्टरने आईच्या हातात शून्य रुपयांचे तिकीट दिले, ते तिने घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवले. तिला वाटले, उतरताना दाखवावे लागेल.

ओझर मागे पडले. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे-पलीकडे द्राक्षबागा बोडक्या उभ्या होत्या, कारण एप्रिल म्हणजे खरड छाटणीचा महिना. शेतांच्या कडेला उन्हाळ कांदा काढून त्याचे ढीग लावलेले, कुठे चाळीत भरणे चालू. चांदवडला बसने महामार्ग सोडला. डोंगर जवळ आले, हिरवे मागे राहिले. मनमाडजवळची ती हडबीची शेंडी दिसली तशी मुलगी ओरडली, "अंगठा!" लहानपणी ती या सुळक्याला अंगठाच म्हणायची. तिचे बालपण याच गावात गेले. २०१२ ते २०१६ अशी चार वर्षे आमची नोकरी मनमाडला होती.

त्या चार वर्षांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. त्याशिवाय आई मनमाडचे नाव का काढत होती ते कळणार नाही.

आम्ही टेम्पोतून सामान उतरवले तो दिवस जूनचा होता. पाऊस नव्हता. घरमालकाने नळ दाखवला होता, पण नळाला पाणी कधी येते ते सांगायचे राहून गेले होते, किंवा त्याने ते सांगितले नाही. पालखेड कालव्याचे आवर्तन सुटायचे, ते पाणी पाटोद्याच्या साठवण तलावात यायचे, तिथून उपसून वागदर्डी धरणात आणि मग गावाला. आवर्तन लांबले की गाव थांबले. त्या दुष्काळी वर्षांत दोन पाण्यांमध्ये पंधरा-वीस दिवस जायचे, कधी त्याहूनही जास्त. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. कडेवर वर्षाची मुलगी, आई तापाने फणफणलेली, आणि घरात फक्त प्रवासातली एक अर्धी बाटली.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी दारात आल्या. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. नावगाव विचारण्याआधी त्यांनी दोन्ही आमच्या ओट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे पिण्याचं. वापरायचं पोरगा घेऊन येतोय." त्यांच्या स्वतःच्या घरी तेव्हा पाणी येऊन बारा दिवस झाले होते, हे आम्हाला आठवड्याने कळले.

पुढे आम्हीही शिकलो. निळे ड्रम घेतले, दोनशे लिटरचे चार. आंघोळीचे पाणी कपड्यांना, कपड्यांचे संडासला. पाणी आले त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये फुली. पहाटे तीनला गल्लीत "आलं रे" अशी हाळी उठायची आणि सगळे आळी जागी व्हायची. एकदा आम्ही हिशेब मांडला होता. आठशे लिटर, अठरा दिवस, चार माणसे. माणशी दिवसाला अकरा लिटर. शहरी माणसासाठी सरकारी निकष १३५ लिटरचा आहे. तो कागद आम्ही शेजारच्या दादांना दाखवला. दादा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, पुलांचे गर्डर बनवण्यात हयात गेलेली. ते म्हणाले, "बाकीचे एकशे चोवीस कुठं जातात त्याचा पत्ता काढ बरं, तू हिशेबातला माणूस."

असो. तर त्या घरी आम्ही निघालो होतो, आणि निघण्यापूर्वी घरात गुप्त बैठक झाली होती. सहचारिणींचा ठराव असा, की वहिनींच्या घरचे पाणी चौघांनी मिळून वापरायचे नाही. शनिवारी पहाटेच नाशिकहून आंघोळी करून निघायचे आणि रविवारची आंघोळ थेट रात्री परतल्यावर. पिण्याच्या पाण्याच्या दहा बाटल्या भरून घेतल्या. त्या मुलीच्या पाठीवरच्या पिशवीत. नवव्या इयत्तेतली मुलगी, ती कुरकुरली, "लग्नाला चाललोय का वाळवंटात?"

दादा आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. ऐकू कमी येते. दारातच त्यांनी आईला जयभीम घातला आणि आईने मोठ्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला "नागपूर फार उन्हाचं" हेच उत्तर दिले. वहिनींनी तांब्या-भांडे पुढे केले. त्याच वेळी मुलीने पिशवी खाली टेकवली आणि बाटल्या घरंगळत बाहेर आल्या.

वहिनींनी एक बाटली उचलली. पाहिली. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि भाजी चिरायला बसल्या. सहचारिणी त्यांच्यामागे गेल्या. आतले बोलणे आम्हाला ऐकू आले नाही, पण बऱ्याच वेळाने दोघींच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पाहुण्याने यजमानाची अडचण ओळखावी हे खरे, पण ओळखल्याचे असे दहा बाटल्या भरून दाखवू नये, ही अक्कल आम्हाला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आली.

रात्री जुन्या फुल्यांची कॅलेंडरे निघाली. वहिनींनी ती ठेवली होती! दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, पाण्याच्या फुल्या. एका फुलीपाशी आमच्या मुलीचे नाव. त्या दिवशी ती ड्रममध्ये पडता पडता वाचली होती. दादांनी तिला एका हाताने धरले होते. मुलीला हे कुणी कधी सांगितले नव्हते. ती दादांच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिली.

पहाटे साडेपाचला वहिनींनी आम्हाला उठवले. न्हाणीत दोन बादल्या कढत पाणी, शेजारी विसणाला गार. सहचारिणी म्हणाल्या, "वहिनी, आम्ही परतल्यावरच..." वहिनी म्हणाल्या, "माझ्या घरून पारोशी पाठवू का तुम्हाला? लोकं काय म्हणतील? आल्या दिवशी कसं दिलं होतं पाणी, तसं जाताना घ्या." चौघांनी आंघोळी केल्या. आम्ही बादलीतले निम्मे पाणी मुद्दाम ठेवले, तर आईने ते पाहून आम्हालाच दटावले. दिलेले मोजून परत ठेवायचे नसते म्हणे.

दहा बाटल्या वहिनींनी ठेवून घेतल्या. रिकाम्या नव्हे, भरलेल्या. "नाशिकचं पाणी आहे, गोदावरीचं. पाहुणे येतील त्यांना देईन," असे म्हणून त्यांनी त्या फळीवर ओळीने लावल्या.

मनमाड-येवला अंतर फार नाही. वाटेत अणकाईचा किल्ला दिसतो. येवल्यात उतरल्यावर आईच्या इच्छेप्रमाणे आधी मुक्तिभूमीवर गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला तिथे काय घडले ते या वाचकांना सांगायला नको. खरे सांगायचे तर त्या दिवशी तिथे आम्ही जरा जास्तच वेळ काढला. मित्राच्या घराकडे पाय उचलत नव्हते.

हा मित्र कॉलेजातला. बी.कॉम.ची दोन वर्षे आम्ही एका बाकावर काढली. तिसऱ्या वर्षी वडील गेले म्हणून त्याने शिक्षण सोडले आणि येवल्याला पैठणीच्या मागावर बसला. दुसऱ्याच्या मागावर मजुरी करायचा. २०१७ साली त्याने स्वतःचे माग टाकायचे ठरवले. पतसंस्थेचे कर्ज मंजूर होत होते, पण नोकरदार जामीनदार हवा होता. त्याने आम्हाला विचारले. दुसऱ्या कोणाला विचारणार?

आम्ही "बघतो" म्हणालो. मग "पगारपत्रकावर साहेबांची सही राहिली आहे" म्हणालो. मग फोन उचलणे बंद केले. त्यानंतर आठ वर्षे जयंतीच्या दिवशी मोबाइलवर एक चित्र पाठवायचे आणि त्याच्याकडून एक यायचे, एवढाच संबंध उरला होता.

त्याचे घर म्हणजे पुढच्या खोलीत तीन माग. खड्ड्यात पाय सोडून तो एका मागावर बसला होता, दुसऱ्यावर त्याची पत्नी. आम्हाला पाहून त्याने हातातला धोटा खाली ठेवला, उठला, पण लगेच बोलला नाही. वहिनींनी "या" म्हटले आणि पाणी आणायला आत गेल्या. आईने मागाच्या लाकडावरून हात फिरवत विचारले, "हे सगळं तुझं का रे बाबा?" तेवढ्याने कोंडी फुटली.

मुलीला त्याने शेजारी बसवून घेतले. रेशीम बंगळुरूचे, जर सुरतेची, हे सांगितले. पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या लहान कांडीवर असतो आणि ती कांडी ताण्यातून हाताने फिरवावी लागते. म्हणून पदर भरगच्च असला की एका साडीला महिने लागतात. "बाजारात पैठणी ओळखायची कशी?" मुलीने विचारले. त्याने पदर उलटा केला. मागच्या बाजूलाही तोच मोर, तसाच, एकही सुटा धागा नाही. "यंत्रावरची उलटून बघ. मागं धागे लोंबतात." मुलीने तिथल्या तिथे आईच्या लग्नातल्या पैठणीविषयी शंका काढली. सहचारिणींनी विषय बदलला.

ओट्यावर दोघेच होतो तेव्हा आम्ही सुरुवात केली. त्या आधी एका सहकाऱ्याला आम्ही जामीन राहिलो होतो. त्याने हप्ते थकवले. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे कलम आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, आणि चौदा महिने पगारातून कपात झाल्यावर ते आम्हाला खरे समजले. मित्राचा फोन आला तेव्हा शेवटचे दोन हप्ते बाकी होते. घरात कुणाला हे माहीत नव्हते. त्याला सांगायची लाज वाटली.

तो ऐकत होता. म्हणाला, "तू नाही म्हणाला असतास ना, तर मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडं गेलो असतो. तू दोन महिने बघतो बघतो केलंस. त्या दोन महिन्यांत रेशमाचा भाव वाढला."

"मग जामीन कोण राहिलं?"

"शाळेतले गुरुजी. पेन्शनवर." थोड्या वेळाने तो म्हणाला, "चौदा महिन्यांचं हे तेव्हा सांगायला काय झालं होतं तुला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आतून वहिनींनी हाक मारली, की पोहे गार होत आहेत.

सगळे काही पूर्वीसारखे झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. जेवताना तो मुलीशी अधिक बोलला, आमच्याशी कमी. पण संध्याकाळी बसस्थानकावर पोहोचवायला आला. आईचा हात धरून रस्ता त्याने ओलांडून दिला.

रविवारची संध्याकाळ, त्यामुळे नाशिकच्या बसला मरणाची गर्दी. बस फलाटाला लागते न लागते तोच आमचा हा पंचेचाळिशीचा मित्र कॉलेजातल्यासारखा धावला, खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला, पुढच्या खिडकीतून दुसऱ्या सीटवर मुलीची ओढणी टाकली, आणि दारातल्या माणसाला ओरडून सांगितले, "म्हातारं माणूस आहे, जागा धरलीय!" आम्ही चढलो, बसलो. आई खिडकीशी. गर्दीत बोलणे झालेच नाही. त्याने नुसता हात वर केला.

विंचूर गेले, निफाड आले तेव्हा सहचारिणींच्या लक्षात आले की रुमाल सीटवरच राहिला आहे. निळ्या चौकटींचा, घामाचा, एका कोपऱ्याला रेशमाचा जांभळा धागा चिकटलेला. आम्ही लगेच फोन केला. या वेळी त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"राहू दे तुझ्याकडं," तो म्हणाला. "परत द्यायला येशील की."

रुमाल धुऊन नागपूरच्या कपाटात ठेवला आहे. जांभळा धागा मुलीने काढू दिला नाही. नाताळच्या सुट्टीतले बसचे वेळापत्रक आम्ही आताच विचारून ठेवले आहे.