मदत मोठी, पण भरायचं किती?

अमेरिकेतल्या नामांकित खासगी निवासी शाळांची वर्षाची फी आता सत्तर हजार डॉलरच्या आसपास गेली आहे. काहींनी तो आकडाही ओलांडला आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेलं मराठी जोडपं असो की ओहायोतला शाळामास्तर, बहुतेक पालक हा आकडा वाचूनच नाद सोडून देतात. खरं तर इतक्यात नाद सोडायचं कारण नसतं. या शाळांत छापील फी एक असते आणि घरातून जाणारी रक्कम पुष्कळदा वेगळीच.

मॅसॅच्युसेट्समधली अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी १७७८ सालची. प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत बघायचीच नाही, असं तिने २००७ मध्ये ठरवलं. आधी मुलाची निवड, मग त्याला लागेल तेवढी मदत. न्यू हॅम्पशरमधल्या फिलिप्स एक्सेटरने हेच धोरण २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याआधी, २००७ मध्येच, वर्षाला ७५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलांना एक्सेटरने मोफत शिक्षण देऊ केलं होतं. पुढे ही मर्यादा सव्वा लाख डॉलरवर गेली.

हे परवडतं ते देणग्यांच्या गंगाजळीमुळे. दोन्ही शाळांचा निधी शंभर कोटी डॉलरच्या वर आहे. १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थाने एक्सेटरला लाखो डॉलर दिले आणि त्यातून तिथली शिकवण्याची पद्धतच बदलली. आजही तिथे लंबवर्तुळाकार टेबलाभोवती साधारण बारा मुलं आणि एक शिक्षक बसतात. इतके छोटे वर्ग चालवायचा खर्च नुसत्या फीतून भागत नाही. म्हणजे पूर्ण फी भरणाऱ्या मुलाच्या शिक्षणालाही कुणा ना कुणाच्या देणगीचा हातभार असतोच.

बहुतेक शाळांकडे एवढा पैसा नाही. त्यांचा मदतीचा वार्षिक निधी ठरलेला असतो. तो संपत आला की दोन तोडीस तोड मुलांपैकी फी भरू शकणाऱ्याचं पारडं जड होतं. यात लपवाछपवी नसते, बऱ्याच शाळा तसं उघड सांगतात. पण पालकांनी ते आधीच विचारून घ्यायला हवं.

दुसरा घोळ ‘गरज’ ठरवण्यातला. पालक एक सविस्तर ऑनलाइन अर्ज भरतात. पगार, आयकराची कागदपत्रं, घराची किंमत, त्यावरचं कर्ज, शिल्लक, इतर मुलांच्या शिक्षणाचा खर्च असं सगळं त्यात येतं. आईवडील विभक्त असतील तर साधारणपणे दोघांचीही माहिती मागतात. त्यावरून कुटुंब किती भरू शकेल याचा अंदाज निघतो, पण शेवटचा निर्णय प्रत्येक शाळेचा आपापला. राहत्या घराची किंमत एक शाळा पूर्ण धरते, दुसरी थोडीच. त्यामुळे ‘आम्ही संपूर्ण गरज भागवतो’ असं दोघीही म्हणत असल्या, तरी त्याच घराला हजारो डॉलरच्या फरकाची पत्रं येऊ शकतात.

समजा, एका शाळेची फी ७० हजार आणि मदत ४५ हजार. दुसरीची फी ६६ हजार आणि मदत ४० हजार. उरतात २५ आणि २६ हजार. पहिली स्वस्त वाटते. पण दुसरी शाळा पुस्तकं, लॅपटॉप, आरोग्यविमा आणि सुट्टीत घरी यायचं तिकीट देत असेल आणि पहिली देत नसेल, तर हिशेब उलटतो. मदतीत कर्जाचा भाग असेल तर तोही खर्चातच धरायचा. शिवाय मदतीचा अर्ज सहसा दरवर्षी नव्याने करावा लागतो. किती टक्के मुलांना मदत मिळते, हे माहितीपत्रकात ठळक छापतात. पण त्यावरून आपल्या घराला किती भरावं लागेल, हे मुळीच कळत नाही.

पेन्सिल्व्हेनियातल्या मिल्टन हर्शी शाळेत मात्र हा हिशेब करावाच लागत नाही. चॉकलेटवाल्या हर्शी दांपत्याला मूलबाळ नव्हतं. त्यांनी १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी ही शाळा काढली आणि १९१८ मध्ये हर्शी यांनी कंपनीतले आपले शेअर शाळेच्या न्यासाला देऊन टाकले. आज इथे कमी उत्पन्नाच्या घरांतली सुमारे दोन हजार मुलं-मुली शिकतात. शिक्षण, घर, जेवण, कपडे, दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं फुकट. मुलं लहान लहान गटांनी घरांत राहतात आणि एक जोडपं पालकांसारखी त्यांची देखभाल करतं. पण या दानालाही काळाची कुंपणं होती. मूळ दानपत्रात फक्त गोऱ्या मुलग्यांना जागा होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वर्णाची अट गेली, तर मुलींना आणखी काही वर्षं थांबावं लागलं.

गरजेनुसार मदत देणारी अशी शाळा महाराष्ट्रातही आहे. मुळशीतल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७ पासून देशोदेशीची मुलं दोन वर्षं एकत्र राहून शिकतात. मुलाची निवड गुणांवर होते आणि मदत घरची परिस्थिती पाहून ठरते.

अमेरिकेतल्या बऱ्याच निवासी शाळांचे निकाल १० मार्चला लागतात आणि १० एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो. तुलनेसाठी पालकांच्या हाती हा एकच महिना. पण आलेलं पत्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. नोकरी गेली असेल, घरात मोठं आजारपण आलं असेल किंवा दुसऱ्या शाळेने जास्त मदत देऊ केली असेल, तर कागदपत्रं जोडून फेरविचाराची विनंती करता येते. ती पहिल्या आठवड्यातच करावी. शेवटच्या दिवसांत शिल्लक निधीचं वाटप बहुधा होऊन गेलेलं असतं.