लाइट गेली तरी फोन लागेल ना?

मोबाईल घराघरात आल्यापासून टेबलावरचा वायरचा फोन आता हवा कशाला, असे आपल्यापैकी अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्या घरात दिवसभर म्हातारे आईवडील किंवा शाळेतून आलेली मुले एकटी असतात, त्या घरात असा फोन असावा, असे आम्ही आजही सांगतो. कमावती माणसे आपापले मोबाईल घेऊन कामावर जातात. मागे राहिलेल्या आजीच्या मोबाईलचे कधी चार्जिंग संपते, कधी रिचार्ज संपतो, तर कधी तो अंथरुणात सापडत नाही. वायरचा फोन मात्र एका जागी असतो. रिसीव्हर उचलायचा आणि बोलायचे, एवढेच शिकावे लागते.

परंतु हा फोन घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. घरातील लाइट गेली तर तो चालेल काय?

आमच्या लहानपणी चाळीत एखाद्याच घरी फोन असे. नोकरीच्या अर्जावर वडीलधारी मंडळी शेजाऱ्यांचा नंबर लिहून त्यापुढे 'पी.पी.' असे लिहीत. वस्तीत अंधार असला तरी त्या फोनची घंटी वाजायची. त्याचे कारण असे की, तांब्याच्या दोन तारांतून बोलण्यासोबत सुमारे ४८ व्होल्टची वीजही टेलिफोन एक्स्चेंजमधूनच येते. तेथे मोठ्या बॅटऱ्या असतात. म्हणून घरच्या मीटरशी त्या फोनचा संबंध नसतो.

आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी फायबरची जोडणी मिळते. फायबर म्हणजे काचेचा बारीक धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरात बसवलेला मोडेम त्या प्रकाशाचे आवाजात रूपांतर करतो आणि मोडेमला वीज लागते ती आपल्या घरची. लाइट गेली की मोडेम बंद आणि मोडेम बंद की फोनही मुका. नेमक्या अडचणीच्या वेळी फोनने साथ सोडू नये, यासाठी मोडेमपुरता छोटा यूपीएस घ्यावा. मोडेमच्या अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट व किती अँपिअर लिहिले आहे ते पाहून त्याला जुळणाराच घ्यावा.

जोडणी अवघड नाही. फोनला दोन वायरी असतात. वेटोळ्यांची वायर रिसीव्हरची. तिची पिन थोडी लहान असते. सरळ वायर लाइनची. ती तांब्याच्या जोडणीत भिंतीवरच्या डबीत, म्हणजे रोझेटमध्ये, लावावी. फायबर असेल तर मोडेमच्या मागे 'फोन' किंवा 'टेल' असे लिहिलेल्या खाचेत लावावी. इंटरनेटची खाच त्याहून रुंद असते. तिच्यात ही पिन घालू नये. पिन बसताना 'टिक' असा आवाज येतो. मग रिसीव्हर उचलून कानाला लावावा. एकसुरी आवाज आला, तर लाइन चालू आहे. मोडेम नुकताच सुरू केला असेल तर काही मिनिटे थांबावे.

फोनच्या खाली किंवा बाजूला 'टोन' व 'पल्स' असे बटण असेल, तर ते टोनवर ठेवावे. पल्सवर ठेवल्यास 'मराठीसाठी एक दाबा' अशा सूचना मिळाल्यावर दाबलेला आकडा पोहोचत नाही. घंटीचे बटणही मोठ्या आवाजावर ठेवावे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. तांब्याची लाइन असेल तर विजा कडकडत असताना वायरच्या फोनवर बोलू नये आणि उघड्या तारेला ओला हात कधीही लावू नये; घंटी वाजताना त्या तारेत विजेचा दाब बराच वाढतो.

सर्व झाल्यावर यूपीएसची पिन भिंतीतून काढून पाहावी. तरीही फोन लागला, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

नंबर लावण्याची एक गोष्ट जुन्या माणसांना मुद्दाम सांगावी. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते. शून्य न लावल्यामुळे फोन लागत नाही आणि मुलाचा नंबर बदलला की काय, असे आईला वाटते. मोबाईलवरून घरच्या फोनला लावताना शून्य आणि गावाचा एसटीडी कोड आधी लावावा. मुंबईसाठी ०२२, पुण्यासाठी ०२०, नागपूरसाठी ०७१२.

फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवावा. त्यावर मुलामुलींचे नंबर शून्यासकट लिहावेत. ११२ हा पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदतीचा नंबर आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहावा. खाली घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि मजला लिहावा. समोरच्याला आपला पत्ता आपोआप कळेल असे धरून चालू नये. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. मुलांकडून हा कागद दोन-तीनदा वाचून घ्यावा.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी : 'फोनवर पैसे मागणाऱ्याला उत्तर द्यायचे नाही.' पोलीस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटक' केल्याची भीती घालणारे भामटे आज मोकाट आहेत. अशी अटक कायद्यात नाही. रिसीव्हर खाली ठेवावा आणि घरच्यांना कळवावे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार करावी.

फोन बंद पडला तर आधी पिना काढून पुन्हा लावाव्यात, रिसीव्हर नीट ठेवला आहे काय ते पाहावे. तरीही आवाज नसेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवावी. तक्रारीचा क्रमांक, तारीख व वेळ वहीत लिहून ठेवावी. नुसते तोंडी सांगून भागत नाही. लेखी नोंद असली की पाठपुरावा करता येतो.

या रविवारी सगळी मंडळी घरी असतील. मोडेमचा स्विच बंद करून रिसीव्हर उचलून पाहा. आवाज आला नाही, तर पुढच्या पगारात छोट्या यूपीएसचे पैसे आधी बाजूला काढा.